नऊ पत्रिका आणि एक सही

सुट्टीत कराडला आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "कसं आहे गं वर्धा? सेवाग्राम पाहिलंस का?" नाही पाहिलं. पवनारलाही गेले नाही. मी वर्धा जिल्हा पाहिला तो दुसऱ्याच्या मुलाच्या लग्नपत्रिका वाटत वाटत, आणि अजून ते चार दिवस आठवले की माझं डोकं तापतं. तरी लिहिते. पुढच्या वर्षी आणखी कुणी बाई पीएचडीच्या प्रवेशाचं पत्र पर्समध्ये जपून ठेवून त्या स्टेशनवर उतरणार आहे. तिने हे वाचून उतरावं.

सोमवार, वर्धा

मी चौतीस वर्षांची. नऊ वर्षं कराडजवळच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवलं. पीएचडीला नाव लागलं, तसा राजीनामा दिला, दोन बॅगा भरल्या आणि निघाले. विषय मी स्वतः निवडलेला: आठवडी बाजारात बसून माल विकणाऱ्या बायका. आमच्या आजीने उभा जन्म बाजारात भाजी विकली, म्हणून.

विभागात पोचले तर तिथल्या ठोंबरेबाबूंनी पहिल्या पाच मिनिटांत नियम सांगितला. "मॅडम, जॉइनिंग रिपोर्टवर गाइडची सही पाह्यजे. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत. नाई आला तं तुमची सीट वेटिंगवाल्याले जाते." चांगला माणूस, पण बातमी वाईट असली की तो आणखीच गोड बोलतो.

म्हटलं, चार दिवस आहेत, सहीला काय लागतं? गाइडच्या केबिनमध्ये गेले. सरांनी बसा म्हटलं, चहा मागवला, कराडचे दोन रस्ते आठवून दाखवले. माझा कागद हातात घेतला, वाचला, आणि टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून त्यावर चष्म्याचं घर ठेवलं.

"सही होईल हो. सहीचं काय एवढं! त्याआधी एक छोटंसं काम करा," असं म्हणून त्यांनी ड्रॉवरमधून गठ्ठा काढला. लाल मखमली पाकिटं, वर सोनेरी गणपती. त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिका. नऊ. चार देवळीच्या, दोन हिंगणीच्या, दोन समुद्रपूरच्या आणि एक गिरडची. "मुलगा पुण्याला कंपनीत, त्याला सुट्टी नाही. माझ्यामागे परीक्षांची कामं. लोक सगळे आपलेच आहेत. तुम्ही आधी हे करून या, मग आपण निवांत सही करू. तुमचं फील्डवर्कही होऊन जाईल."

फील्डवर्क! त्या शब्दाला मी अजून माफ केलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग 'नाही' का म्हणाली नाहीस? सोपं आहे हो, घरी बसून. मी राजीनामा देऊन आलेली बाई, हातात एकच कागद, आणि तो चष्म्याच्या घराखाली. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. मी "हो सर" म्हणाले. तेही हसत हसत, आणि ते हसू मला अजून चावतं. एवढं मात्र केलं, की निघताना त्यांना विचारून तो कागद परत मागून घेतला. म्हटलं, "झेरॉक्स काढायची राहिलीय." का घेतला, तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

मंगळवार, देवळी

वर्ध्याहून देवळीची एसटी सकाळी मिळाली. दिवाळी होऊन गेलेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, बायका कमरेला कापडाच्या झोळीसारखे ओटे बांधून वेचत होत्या. आमच्याकडे या दिवसांत उसाच्या गाड्या रस्ता अडवतात, इथे कापसाच्या. गाडीतून उडालेला कापूस बाभळीच्या काट्यांना लटकलेला असतो. छान दिसतं. पण मांडीवर तो गठ्ठा होता, आणि त्याच्याकडे नजर गेली की सगळं छान नासत होतं.

पहिलं घर कापडाच्या दुकानामागचं. त्या घरचा मुलगा सरांकडे पीएचडी झालेला, आता चंद्रपूरकडे प्राध्यापक. घरात त्याचे आईवडील. दारात मी पत्रिका पुढे केली आणि म्हटलं, "सरांकडून आले." पुढचं बोलायला मिळालंच नाही. म्हातारीने मला हाताला धरून आत नेलं, पाय धुवायला पाणी दिलं, पाटावर बसवलं. तर्री घातलेले पोहे आले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि लिंबू, इथे हरभऱ्याचा लालभडक रस्सा. डोळ्यांत पाणी आलं, पण खरं सांगते, दोनदा घेतले. मग तिने कुंकू लावलं आणि माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी.

"सरायची लेक लय साधी हाय हो," ती नवऱ्याला म्हणाली.

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. "आजी, मी लेक नाही. मी त्यांची नवी विद्यार्थिनी."

म्हातारे इतका वेळ कोपऱ्यात पेपर वाचत होते, त्यांनी चष्मा काढला. "मंग घरचं माणूस काऊन नाई आलं?"

"सरांना वेळ नाही, मुलगा पुण्याला..."

"अन् तुले वेळ हाय?"

आमच्याकडे पत्रिका पोरं मोटरसायकलवरून वाटतात, दार बंद असेल तर कडीत खोचून जातात, कुणाला राग येत नाही. या घरात तसं नव्हतं. लग्नाचं बोलावणं करायला घरच्या माणसाने यायचं, कुंकवाचं बोट लावायचं, वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं. त्याशिवाय ते बोलावणं नाही. म्हाताऱ्यांनी पत्रिका उघडली नाही, टीव्हीवर ठेवली. "पोरी, तुह्यावर राग नाई. पण तुह्या सरले सांगजो, कागद आला. निमंत्रण नाई आलं."

मी ओटी परत द्यायला गेले तर म्हातारीने हात जोडले. "भरलेली ओटी मागं घेत नाई बाप्पा. असू दे."

बाहेर आले तेव्हा कानशिलं गरम झाली होती. अपमान सरांचा, आणि ऐकून घेणारी मी. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. आणि आता माझंही पाप सांगते. पुढच्या दोन घरांत मला सरांची लेक समजले, तेव्हा मी गप्प बसले. पुन्हा ते "घरचं माणूस काऊन नाई आलं" ऐकायची हिंमत नव्हती. दोन्ही घरांत ओटी भरली. चौथ्या घराला कुलूप होतं, ती पत्रिका शेजारी दिली.

आणि सगळ्यात चीड कशाची आली सांगू? त्या दिवशी देवळीत बाजार होता. रस्त्याच्या कडेला पोती पसरून बायका बसलेल्या, पुढे वांगी, हिरवी मिरची, लसणाचे ढीग. माझा विषय माझ्यासमोर रांगेने बसलेला! एक बाई ओरडून म्हणाली, "ये बाई, वांगे पाह्य, सकाळीच तोडले!" मला तिच्यापाशी बसायचं होतं. किती वाजता निघाली, पोतं कुणी उचललं, जागा कोण देतं, हे सगळं विचारायचं होतं. आणि माझ्या हातात तीन नारळ आणि दुसऱ्याच्या पोराचं लग्न. शेवटची गाडी चुकेल म्हणून मी तशीच पुढे गेले.

बुधवार, हिंगणी

भरलेली ओटी कुठे टाकून यायला मन धजलं नव्हतं, ती बरोबरच घेतली होती; वाटेत सेलूच्या स्टँडवर पिशवी फाटली. तीन नारळ गडगडत बाकाखाली गेले, एक थेट कंडक्टरच्या बुटाला लागला. त्याने उचलून दिला आणि विचारलं, "ताई, मंदिर खोलून राह्यल्या काय?" सगळं स्टँड हसलं. मीही हसले असते, एरवी एखाद्या दिवशी.

हिंगणीला जाताना बोरचं जंगल लांबून दिसतं. सागाची पानं मोठी, धुळीने माखलेली. शेतांना रानडुकरांसाठी जुन्या साड्यांचं कुंपण, लाल, पिवळं, जांभळं. आमच्याकडे साडीची गोधडी होते, इथे ती शेत राखते. गावात शिरले तर हवेत गारवा होता. असल्या ठिकाणी माणसाने निवांत दोन दिवस राहावं. मी दोन तास होते. एक पत्रिका दारातूनच दिली.

दुसऱ्या घरचे गृहस्थ एका कॉलेजचे प्राचार्य. सरांचे जुने विद्यार्थी. ते सरांच्या घरच्या सगळ्यांना ओळखत होते, त्यामुळे लेक-बीक काही चाललं नाही. पाहताक्षणी म्हणाले, "नवीन ना? ॲडमिशन झाली?"

"जॉइनिंगवर सही व्हायचीय."

ते पोट धरून हसले. "होते, होते! मी सरायच्या घराचं बांधकाम उभं राहून करून घेतलं. भिंतीले पाणी मीच मारलं. त्यायच्या सासऱ्याले नागपूरले दवाखान्यात मीच नेत जाओ. पाच वर्षं. आज पाहा, प्राचार्य हाओ. घासावं लागते मॅडम, घासल्याशिवाय चमकत नाई."

आतून त्यांच्या बायकोने वडाभात आणला. गरम भातावर कुस्करलेले डाळीचे वडे आणि वरून फोडणीचं तेल. असा भात मी जन्मात खाल्ला नव्हता, आणि तो या माणसाच्या घरी खावा लागला याचाही राग आला. मी विचारलं, "तुमच्याकडेही आता विद्यार्थी असतील ना पीएचडीला?"

"हाय ना, तीन." त्यांनी अंगणाकडे बोट दाखवलं. तिथे एक तिशीचा, नीटनेटका इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस त्यांची गाडी धूत होता.

मी वडाभाताचं ताट बाजूला सारलं. अरे, ज्याच्या पाठीवर पाच वर्षं ओझं होतं, त्याने ते उतरल्यावर दुसऱ्याच्या पाठीवर द्यावं? नाही म्हणजे नाहीच सुचत का या लोकांना दुसरं काही? गाडी धुणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातली लाल पाकिटं पाहिली, आणि ओळख पटल्यासारखी मान हलवून पुन्हा पाणी मारायला लागला. प्राचार्यांच्या बायकोने माझी ओटी भरली. ती भरताना हळूच म्हणाली, "कंटाळू नको बाई." तिचा मात्र राग आला नाही.

गुरुवार, गिरड

समुद्रपूरच्या दोन पत्रिका सकाळीच दिल्या, आणखी एक नारळ वाढला. एकूण पाच. दुपारी गिरडला पोचले. उरलेलं पाकीट एकच. वर सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: डॉ. सौ. माधुरी देशकर.

गावामागे टेकडी आणि टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा. पायऱ्यांवर हिंदू बायका, मुसलमान बायका, सगळ्या सारख्याच धापा टाकत चढत होत्या. टेकडीवर सुपारीएवढे गोल गोल खडे सापडतात. लोक सांगतात, एक व्यापारी बाबांशी उर्मटपणे बोलला, तेव्हा त्याच्या गाड्यांतल्या मालाचे दगड झाले. पिशवीतल्या पाच नारळांकडे बघून म्हटलं, बाबा, एकदा आमच्या विभागातही चक्कर मारा.

माधुरीताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पन्नाशीच्या, सडपातळ. शाळा सुटल्यावर घरी आलेल्या, हाताला खडूची पूड तशीच. मी पत्रिका दिली. त्यांनी नाव वाचलं. मग पाकीट लांब धरून पुन्हा वाचलं.

"हे डॉक्टर कोण?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "तुम्हीच ना?"

"अन् तू कोण?"

चार दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. मी सांगितलं. कराड, राजीनामा, बाजारातल्या बायका, जॉइनिंग रिपोर्ट, शुक्रवार, पाच वाजता. बोलता बोलता मला रडू आलं, दुःखाचं नव्हे, संतापाचं. त्यांनी पाणी दिलं, ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढली आणि समोर बसल्या.

"मी पीएचडी झाली नाई," त्या म्हणाल्या. "चार वर्षं केली. या दर्ग्यावर येणाऱ्या बायायच्या नवसावर होती माही. चार प्रकरणं लिहिलेली हायेत, त्या कपाटात. दर सहा महिन्यांनं प्रगती अहवाल द्या लागते. मी सरायच्या टेबलावर ठेवला होता, वेळेच्या आधी. त्या दिवशी मले त्यायच्या घरच्या पूजेच्या सामानासाठी पाठवलं. अहवाल वर गेलाच नाई. रजिस्ट्रेशन रद्द झालं. विचारलं तं म्हणे, 'दिला होतात का? मला आठवत नाही.' माह्याजवळ काय पुरावा? काईच नाई."

"मग तुम्ही भांडला नाहीत?"

"कोणत्या कागदावर भांडू?" त्यांचा आवाज चढला. "माही माय तेव्हा आजारी, शाळा सांभाळू का कोर्ट करू? अन् आता हा माणूस मले डॉक्टर लिहून राह्यला! त्याले याद पण नाई, का यानं मले होऊ देल्लं नाई!"

विसरणं! त्या बाईची चार वर्षं गिळली आणि त्याला ढेकरसुद्धा आली नाही.

जरा शांत झाल्यावर त्या माझ्याजवळ सरकल्या. "आता ऐक. तुह्याजवळ थो कागद हाय ना? सरच्या टेबलावर कधीच कोणता कागद ठेवू नको. आवक-जावकच्या खिडकीवर देजो. शिक्का मारून घेजो, नंबर घेजो, दुसऱ्या प्रतीवर पोच घेजो. सही नसली तरी. 'गाइड उपलब्ध नाई' असा शेरा मागजो. मंग कागद तुह्या हातचा गेला, पुढचं त्यायचं. एवढंच मले कोणी सांगितलं नाई तेव्हा."

निघताना त्यांनी ओटीचं ताट आणलं. मी मागे सरले. "ताई, मी सरांची कुणी नाही."

"माहीत हाय. तुहीच भरतो. तू माह्या घरी आली म्हणून." नारळासोबत त्यांनी टेकडीवरचा एक गोल खडा ठेवला. आणि ते लाल पाकीट, न उघडता, माझ्या हातात परत दिलं. "हे वापस ने. सांगजो, या नावाची बाई इथं राहत नाई."

शुक्रवार, वर्धा

अकराला आवक-जावकच्या खिडकीवर. सर अजून आलेले नव्हते. ठोंबरेबाबू म्हणाले, "मॅडम, सही कुठं हाय?"

"गाइड उपलब्ध नाहीत. तसा शेरा मारा आणि पोच द्या."

"असं कोणी करत नाई हो!"

"कागद घेत नाही, असं लिहून द्या मग."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मागेपुढे बघितलं, आणि शिक्का मारला. इतका जोरात, की टेबलावरचा चहा हिंदकळला. "सोमवारपासून सहीची वाट पाहून राह्यल्या तुम्ही. खोटं थोडीच हाय," असं पुटपुटत दुसऱ्या प्रतीवर नंबर घातला. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "शाब्बास."

सर चारला आले. "सगळ्यांना पोचल्या?"

मी टेबलावर पाच नारळ मांडले, एकेक, सावकाश. मग खण, मग तांदळाच्या पुड्या. "ही तुमच्या घरची ओटी. तुमच्या नावाने भरली, कुणी कुणी तर मला तुमची लेक समजून; मी घ्यायला नको होती. देवळीच्या आजोबांचा निरोप आहे, कागद आला, निमंत्रण नाही आलं. आणि ही एक परत आलीय."

त्यांनी पाकीट उलटंसुलटं केलं. "माधुरी? का बरं?"

"त्या डॉक्टर नाहीत, सर."

"नाही?" त्यांच्या कपाळाला खरोखरीची आठी पडली. "मला वाटलं, झालं तिचं."

ओरडावंसं वाटलं. देवाशपथ, त्यातला एक नारळ उचलून भिंतीवर फोडावासा वाटला. तो माणूस खोटं बोलत नव्हता, याचंच मला भयंकर वाटलं. त्याने ते पाकीट बाजूला सारलं आणि ड्रॉवर उघडून दुसरा गठ्ठा काढला. "असो. या आर्वीकडच्या. सही आपण सोमवारी निवांत करू."

मी पर्समधून पोच काढली आणि त्यांच्यासमोर धरली. हातात दिली नाही. शिक्का, नंबर, आणि खाली ठोंबरेबाबूंच्या अक्षरात शेरा: मार्गदर्शक उपलब्ध नाहीत.

सरांनी ती दोनदा वाचली. चेहऱ्यावरचा गोडवा गेला. त्यांनी घंटी वाजवली, ठोंबरेबाबूंकडून मूळ कागद मागवला आणि सही केली. चार दिवसांत दोनशे किलोमीटर मी ज्या सहीसाठी फिरले, तिला एक श्वास पुरला.

"आणि या पत्रिका?"

"घरचं माणूस पाठवा, सर."

ते पेनाचं टोपण लावत राहिले. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाले, "दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल असतो. माझ्या सहीनं. माहीत आहे ना?"

"माहीत आहे," मी म्हटलं. मुठीत गिरडचा तो खडा होता. "आवकला देईन. पोच घेईन."